बैलगाडी पुढे जातेच कशी?

पत्र : बाई, नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, नववीत आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. तिन्ही नियम मला शब्दन् शब्द पाठ आहेत, तरी घटक चाचणीत २० पैकी ७ पडले, कारण उदाहरण आलं की काही सुचतच नाही. निफाडजवळ आजोबांकडे बैलजोडी आहे. ती डोळ्यांसमोर आणून मी वर्गात विचारलं, बैल जेवढ्या बलाने गाडी ओढतात तेवढ्याच बलाने गाडी त्यांना मागे ओढत असेल, तर बैलगाडी पुढे जातेच कशी? सर म्हणाले, हे परीक्षेत येत नाही, पुढचं लिहून घ्या. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी हात वर करत नाही. बाबा म्हणतात क्लास लावू. आई म्हणते, नसेल झेपत तर दहावीनंतर कॉमर्स घे. मी काय करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर :

अगं, आधी त्या हसणाऱ्या वर्गाचं बघू. त्यातल्या एकालाही उत्तर येत नव्हतं, हे मी इथे बसून सांगते. येत असतं तर ते हसले नसते, कुणीतरी फळ्यापाशी गेलं असतं. एकतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. तुझा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोर विचारायचंच. आणि कबूल करते, नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हाच प्रश्न आला तेव्हा मीही ‘तास संपत आलाय, उद्या बघू’ म्हणून टाळला होता. उद्या काही मी तो विषय काढला नाही. कारण मलाच तो नीट कळला नव्हता. घरी कागद घेऊन बसले तेव्हा कुठे उलगडला. तेव्हा सरांवर राग धरू नकोस. चाळीस मिनिटांत साठ मुलं आणि पुढे अख्खा अभ्यासक्रम, असं असलं की माणूस पळवाट काढतो.

आता बैलगाडी.

तुझं एक वाक्य अगदी बरोबर आहे. बैल गाडीला पुढे ओढतात आणि गाडी बैलांना तेवढ्याच बलाने मागे ओढते. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. तू ही दोन बलं एकमेकांतून वजा करतेस आणि शून्य आलं म्हणतेस. पण वजाबाकी करायची तर दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत ना? इथे एक बल गाडीवर आहे, दुसरं बैलांवर. माझ्या खात्यात शंभर रुपये आले आणि तुझ्या खात्यातून शंभर गेले, म्हणून माझं पासबुक कोरं राहिलं का? तुझ्या पासबुकात वेगळी नोंद, माझ्या पासबुकात वेगळी.

म्हणून कागदावर नुसती गाडी काढ. बैल काढूच नकोस. आता विचार, या गाडीला कोण कोण ढकलतंय, कोण ओढतंय? बैल पुढे ओढताहेत, समज ५०० न्यूटनने (न्यूटन हे बल मोजायचं एकक). रस्ता आणि आस मिळून घर्षणाने मागे खेचताहेत, समज ४०० न्यूटनने. उरले १०० न्यूटन, पुढच्या दिशेने. भरलेल्या गाडीचं वस्तुमान ५०० किलो धरलं तर दुसऱ्या नियमाने (बल = वस्तुमान × त्वरण) त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते, १०० भागिले ५००, म्हणजे ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच सेकंदांत गाडी सेकंदाला एक मीटर चालीवर येईल. गाडी बैलांना मागे ओढते ते बल या चित्रात आलंच नाही, कारण ते गाडीवर नाहीच.

आता दुसऱ्या कागदावर नुसते बैल. गाडी त्यांना ५०० न्यूटनने मागे ओढते आहे. मग बैल पुढे कसे जातात? त्यांना पुढे कोण ढकलतं? वर्गात हे विचारलं की मुलं म्हणायची, ‘बैलाची ताकद!’ पण स्वतःला स्वतः ढकलून कुणी पुढे गेलंय का? खुर्चीवर बसून, पाय उचलून, स्वतःच्याच कॉलरला धरून स्वतःला वर उचलून बघ. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, आणि तिसऱ्या नियमाने (प्रत्येक क्रियेला तेवढीच, उलट्या दिशेची प्रतिक्रिया असते) जमीन बैलांना पुढे रेटते. गाडी चालते ती जमिनीमुळे. जोडीचं वस्तुमान ८०० किलो धर. गाडीबरोबरच त्यांचंही त्वरण ०.२, म्हणजे त्यांच्यावर पुढच्या दिशेने १६० न्यूटन शिल्लक राहायला हवेत. तेव्हा जमीन त्यांना ६६० न्यूटनने पुढे रेटत असणार.

खात्री करायची असेल तर तिसरा कागद घे आणि बैल-गाडी मिळून एकच वस्तू धर. आतली ओढाताण आता घरातली झाली, हिशेबात घ्यायची नाही. बाहेरून जमिनीचे ६६० पुढे, ४०० मागे, उरले २६०. एकूण वस्तुमान १३०० किलो. भागाकार कर. पुन्हा ०.२ च येतो. मला तो दिवस अजून आठवतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हे तीन कागद मांडले होते आणि तिन्हीकडे एकच उत्तर आलं. दूध उतू गेलं होतं.

पावसाळ्यात चिखलात गाडी रुतते तेव्हा बैलांची ताकद काही कमी झालेली नसते. खूर घसरतो, म्हणजे जमीन मागे रेटून घ्यायला तयार नसते, म्हणून पुढे रेटतही नाही. लोक मग चाकाखाली दगड, पाचट, पोतं टाकतात, आणि खुरांखालीसुद्धा.

हीच गोष्ट आपल्या कसारा घाटात रुळांवर दिसते. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सोडवतात. त्या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १००० टनांची गाडी धरलीस तर तिच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे साधारण २७ टनांचा भार, सतत उताराकडे खेचत असतो. इंजिनाचं चाक रूळ मागे रेटतं, रूळ इंजिनाला पुढे रेटतो. पण पोलादावर पोलाद म्हणजे पकड बेताचीच. एकट्या इंजिनाने जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी फिरतं, चिखलातल्या खुरासारखं. म्हणून मागे आणखी इंजिनं, आणि रूळ ओले असले की चाकापुढे वाळू सोडायची सोय. पुढच्या वेळी मुंबईहून येताना कसाऱ्याला झोपू नकोस.

तुझी खरी अडचण मला पत्राच्या दुसऱ्या ओळीत दिसली : ‘तिन्ही नियम शब्दन् शब्द पाठ आहेत.’ नियम पाठ असणं वाईट नाही, दोन गुण त्याचेही मिळतात. पण उदाहरणात नियम विचारत नाहीत, ‘कोण कुणाला’ हे विचारतात. म्हणून उद्यापासून एक वही कर. रोज एक चित्र. त्यात एकच वस्तू काढायची आणि तिच्यावरच्या प्रत्येक बलाचा बाण काढून बाणावर लिहायचं : कोण कुणाला ढकलतं किंवा ओढतं. जिथे ‘कोण’ लिहिता येत नाही तो बाण खोटा, खोडून टाकायचा.

हे वाटतं तेवढं सोपं नाही, बघ. चेंडू वर फेकलास, तो हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. त्याच्यावर कोणती बलं? दहातली नऊ मुलं एक बाण वर काढतात. विचारलं, कोण ढकलतंय? तर म्हणतात, हात. हात तर केव्हाच सुटला! मग म्हणतात, ‘फेकल्याचा जोर.’ असा कुणी जोर नसतो. हवा बाजूला ठेवली तर त्या चेंडूवर एकच बाण आहे, खाली, आणि ओढणारी आहे पृथ्वी. वर जाताना तोच, टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा तोच, खाली येताना तोच. चेंडू वर जातोय तो त्याच्यात आधीचा वेग आहे म्हणून, त्याला कुणी ढकलतंय म्हणून नव्हे. हे एकदा मनात बसलं की पहिला नियम बसला : बाहेरून बल लागलं नाही, तर वस्तूचा वेग आहे तसाच राहतो.

खरं तर पहिला नियमच सगळ्यात अवघड, आणि पुस्तकात तो सगळ्यात आधी येतो म्हणून सोपा समजला जातो. आपला रोजचा अनुभव त्याच्या उलट सांगतो. ढकलणं थांबवलं की हातगाडी थांबते, पायडल थांबवलं की सायकल थांबते. म्हणून हजारो वर्षं शहाण्या लोकांनाही वाटायचं की गती टिकवायला सतत बल लागतं. गॅलिलिओने (१५६४–१६४२) गोळे उतारावरून सोडून बघितले. समोर दुसरा चढ असला की गोळा जवळजवळ सुरुवातीच्याच उंचीपर्यंत चढतो. चढ कमी तिरपा केला तर तेवढी उंची गाठायला लांब जातो. मग त्याने विचार केला, चढ अजिबात नसेलच तर? ती उंची कधी गाठायची नाही, गोळा चालतच राहील. थांबवतं ते घर्षण, गतीचा स्वभाव नव्हे. न्यूटनने १६८७ साली लॅटिन ग्रंथात तीन नियम मांडले, त्यातल्या पहिल्याचं पुष्कळसं देणं गॅलिलिओचं आहे. (त्याच दशकात आपल्या शेजारचा रामशेज किल्ला मुघल फौजेला वर्षानुवर्षं दमवत होता. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या सनावळ्या एकाच वहीत लिहीत जा, गंमत येते.)

आता तुझ्या बैलगाडीकडे परत ये. गाडी एका चालीवर आली की बैल तिला ५०० न्यूटनने ओढत नाहीत, ४०० नेच ओढतात. घर्षणाचे ४०० मागे, त्यांचे ४०० पुढे, शिल्लक शून्य. आणि गाडी चाललेलीच आहे! ‘संतुलित बल म्हणजे वस्तू स्थिर’ असं तू चाचणीत लिहिलं असशील, तर गुण गेले ते तिथे. संतुलित बल म्हणजे वेग बदलत नाही, एवढंच.

थोडं भाषेबद्दलही सांगते, कारण मराठी माध्यमातली मुलं इथे अडखळतात आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतात. घरी आपण जोर, बल, ताकद, शक्ती हे शब्द एकाच पिशवीत घालतो. विज्ञानात बल वेगळं आणि शक्ती वेगळी. शक्ती म्हणजे कार्य किती झपाट्याने होतं ते. किराणा दुकानात आपण ‘दोन किलो वजन’ म्हणतो, पण किलो हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी ओढते ते बल, ते न्यूटनमध्ये. न्यूटन म्हणजे केवढा, हे हाताला कळायला हवं असेल तर १०० ग्रॅमचा एक मध्यम कांदा तळहातावर ठेव. पृथ्वी त्याला जवळजवळ एक न्यूटनने ओढते आहे. आपल्या जिल्ह्यात कांद्याला काय तोटा! मघाचे ६६० न्यूटन म्हणजे साधारण ६७ किलोच्या पोत्याचं वजन. त्वरणात ‘त्वरा’ दिसते म्हणून मुलांना ते म्हणजे जास्त वेग वाटतो. पण ब्रेक लावून गाडी मंदावते तेव्हाही त्वरण असतंच, फक्त उलट्या दिशेचं.

सगळ्यात जास्त घोळ मात्र ‘प्रतिक्रिया’ या शब्दाने घातलाय. आपल्याकडे कुणीतरी काही बोलतं आणि मग दुसरा प्रतिक्रिया देतो, म्हणजे आधी एक, नंतर दुसरं. तिसऱ्या नियमात आधी-नंतर काही नाही. तू भिंत ढकललीस त्याच क्षणी भिंतीने तुला ढकललंय. कुठल्याला क्रिया म्हणायचं आणि कुठल्याला प्रतिक्रिया, हेही तुझ्या मर्जीवर. सभांमधून ‘न्यूटन म्हणाला होता, क्रियेला प्रतिक्रिया येणारच’ असं कुणी ठणकावलं की मला भाषणाच्या मध्येच उठून उभं राहावंसं वाटतं. न्यूटन भांडणांबद्दल बोलत नव्हता.

आणखी एक. टेबलावर ठेवलेलं पुस्तक : पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर रेटतं, दोन्ही सारखी. बऱ्याच गाइडांमध्ये ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणून छापलेली असते. ती तशी नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि जोडीतली बलं कधीच एका वस्तूवर नसतात, हे तू आत्ताच बैलगाडीत बघितलंस. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. टेबल पुस्तकाला वर रेटतं त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटतं ते. गाइडमध्ये दुसरं काही असेल तर पेन्सिलीने खोड आणि पुढे जा.

वहीतल्या चित्रांसाठी विषय शोधायला लांब जायला नको. नाशकात द्वारका चौकात शहर बसने करकचून ब्रेक लावला की तू पुढे जातेस. तुझ्यावर पुढचा बाण काढशील? कुणी ढकललं? कुणीच नाही. बस मंदावली, तू आधीच्याच वेगात राहिलीस. देवळालीला तोफांचा सराव चालतो, तिथली तोफ काढ. समजुतीपुरते सोपे आकडे घे : ४० किलोचा गोळा ८०० मीटर प्रति सेकंदाने सुटला आणि तोफ १०,००० किलोची असेल, तर संवेग अक्षय्यतेने (संवेग म्हणजे वस्तुमान × वेग, आणि गोळा-तोफ मिळून तो एकूण बदलत नाही) तोफ ३.२ मीटर प्रति सेकंदाने मागे यायला बघणार. म्हणून तर अशा तोफांचे मागचे पाय जमिनीत रोवतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रंगपंचमीचं आहे. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले जुने दगडी हौद, उघडतात तेव्हा पोरं काठावरून रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. समज ५० किलोचा मुलगा ६ मीटर प्रति सेकंदाने पाण्यावर आला. संवेग ३००. पाण्यात अर्ध्या सेकंदात थांबला तर त्याला थांबवणारं सरासरी बल ६०० न्यूटन. रहाडीत पाणी नसतं आणि तो फरशीवर ०.०५ सेकंदात थांबला असता, तर ६००० न्यूटन. संवेग तेवढाच नाहीसा करायचा, पण वेळ दहापट मिळाला की बल दहाव्या हिश्शावर येतं. न्यूटनने दुसरा नियम मुळात असाच, संवेगाच्या बदलाच्या भाषेत मांडला होता. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ हे त्याचं सोयीचं रूप. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात हे उदाहरण पुस्तकात सगळेच वाचतात. तू उत्तरपत्रिकेत रहाड लिही. तपासणारा नाशिकचा असेल तर गालात हसेल, आणि नसला तरी गुण कापता येणार नाहीत.

आता घरच्यांच्या दोन सूचना. क्लासबद्दल माझं मत : आत्ता नको. क्लासमध्ये तुला आणखी दोनशे गणितं सोडवून दाखवतील आणि तू ती पाठ करशील, कारण पाठ करण्यात तू हुशार आहेस हे दिसतंच आहे. महिनाभर बाणांची वही चालव. त्यानंतरही अडलंच तर बाबांना सांग, तेव्हा लावा. पण जाताना ती वही घेऊन जा आणि शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी बैलगाडी विचार. उत्तर देताना त्यांनी खडू उचलला तर क्लास बरा आहे.

कॉमर्स घेण्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी उत्तम हिशेबनीस आहेत, एक तर माझाच आयकराचा अर्ज भरते. हिशेब आवडतो म्हणून घेतलंस तर जरूर घे. पण नववीतल्या एका धड्याच्या २० गुणांच्या चाचणीवरून दहावीनंतरचं ठरवायचं, हे आईला माझ्यातर्फे सांग, फार लवकर होतंय. दोन वर्षं आहेत अजून.

आणि सरांकडे जा. वर्गात नको. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या दारात, हातात ते तीन कागद घेऊन. ‘सर, मी हे असं सोडवलंय, बरोबर आहे का बघता?’ एवढंच विचार. अडवणाऱ्या प्रश्नापेक्षा तपासायला दिलेलं उत्तर शिक्षकाला सोपं जातं, हे मी दाराच्या आतल्या बाजूने सांगते आहे. मला वाटतं ते बसायला सांगतील.

सुट्टीत निफाडला गेलीस की आजोबांना भरलेली गाडी ओल्या मातीतून न्यायला सांग आणि मागून चाल. बैलांच्या खुरांचे ठसे वाकून बघ. माती ठशाच्या पुढच्या कडेला साचली आहे की मागच्या? ठसा काढ, खुराने मातीला कुठे रेटलं तो एक बाण, मातीने खुराला कुठे रेटलं तो दुसरा, दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर. आणि पाठव मला.

– तुझ्या बाई